मंडळीत वचन वाचायला वेळ नाही, आणि आम्ही म्हणे वचनाची माणसं

शेवटचा बाक (धागाकर्ता)

मी जुन्या वळणाचा ख्रिस्ती आहे, हे आधीच सांगून टाकतो. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत देवाचं वचन आहे असं मी मानतो. पाप, पश्चात्ताप, विवाह, पुनरुत्थान, न्यायाचा दिवस या सगळ्यांबाबत माझी मतं आजकाल ज्यांना कर्मठ म्हणतात तशीच आहेत, आणि त्यावर वाद घालायला हा धागा काढलेला नाही. उदारमतवादी मंडळ्यांना (चर्चेसना) नावं ठेवायलाही नाही. ते काम आमच्या लोकांकडून वर्षभर चालूच असतं. मला आज घरच्यांशी भांडायचंय.

'आम्ही फक्त वचन मानतो' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या एखाद्या मंडळीत रविवारी घड्याळ लावून बसा. गाणी अर्धा तास. मग घोषणा, वाढदिवस, पाहुण्यांचं स्वागत. अर्पण. मग पाऊण तास उपदेश. आणि वचनाचं वाचन? उपदेशाच्या सुरुवातीला तीन-चार ओळी, त्याही पडद्यावर. ज्यांना आम्ही 'नुसते विधी करणारे' म्हणून हसतो त्यांच्याकडे जुना करार, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान असे उतारे रविवारच्या उपासनेत ओळीने वाचले जातात. वचनाचा अधिकार सांगण्यात आम्ही पुढे आणि ते ऐकवण्यात मागे.

यानं बिघडतं काय, तर मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकाचं बघा. अर्पणाच्या वेळी ३:१० (तिसरा अध्याय, दहावं वचन) हमखास येतं: दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा आणि मग मी आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही ते पाहा. हे वचन माहीत नसलेला ख्रिस्ती माणूस सापडणं मुश्कील. त्याच अध्यायात, पाच वचनं वर, देव म्हणतो की मी न्याय करायला येतो आहे. कोणाविरुद्ध? जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ वाहणारे, आणि त्यांच्याच पंक्तीला बसवलेले मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला आणि अनाथाला नाडणारे, परक्याचा हक्क डावलणारे. हे ३:५ अर्पणाच्या वेळी पडद्यावर आलेलं मी कधीच पाहिलेलं नाही. म्हणजे कामगारांचा पगार थकवून बसलेला मालक दर रविवारी ३:१० ऐकतो, पाकीट टाकतो आणि आशीर्वादाची वाट बघत घरी जातो. त्याला कोणी खोटं शिकवलेलं नाही. त्याच्या कानावर ३:५ पडू दिलेलं नाही, एवढंच.

यिर्मया २९:११ तर फ्रेम करून भिंतीवर असतं. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. दहावं वचन मात्र फ्रेममध्ये नसतं: बाबेलात सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमचा समाचार घेईन आणि तुम्हाला परत आणीन. हा अध्याय म्हणजे बाबेलात बंदी करून नेलेल्या यहुद्यांना यिर्मयानं धाडलेलं पत्र. ज्यांना ते गेलं त्यांच्यातले बरेचसे बंदिवासातच मरणार होते. त्यांना सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतोय, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. तो खोटा ठरला, त्याच वर्षी मेला. नोकरीच्या मुलाखतीला निघताना २९:११ म्हणणारे आम्ही ओळ यिर्मयाची घेतो आणि अर्थ हनन्याचा लावतो.

वचनांचे आकडे मुळात नव्हतेच. आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूनं पाडले असं मानतात. नव्या करारातले आजचे वचनक्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकानं १५५१ मध्ये छापले. संदर्भ सापडायला सोय झाली, उत्तमच. पण प्रेषित पौलाचं पत्र मंडळीत आलं की ते सबंध वाचलं जायचं, थेस्सलनीकाकरांना तर तो शपथ घालून सांगतो की हे सगळ्या बंधूंना वाचून दाखवा (१ थेस्स. ५:२७). एज्रा या शास्त्र्यानं मोशेचं नियमशास्त्र उघडलं ते सकाळपासून दुपारपर्यंत, आणि लोक उभे राहून ऐकत होते (नहेम्या ८). रोममध्ये इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकानं आपल्या रविवारच्या सभेचं वर्णन करून ठेवलंय: प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तोवर वाचतात, मग अध्यक्ष बोध करतो. वेळ असेल तोवर वाचन, हे लक्षात घ्या. आमच्याकडे वेळ उरला तर वाचन.

माझं मागणं छोटं आहे. दर रविवारी एक पूर्ण अध्याय. पुस्तक सुरू केलं की ते संपेपर्यंत तेच, ओळीनं. वाचणाऱ्यानं घरी तयारी करून यायचं. मध्ये टिप्पणी नाही, मागे संगीत नाही. एकूण ११८९ अध्याय आहेत. आठवड्याला एक धरला तर तेवीस वर्षं लागतील. मंडळीत जन्मलेलं मूल कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत त्यानं सगळं शास्त्र एकदा कानांनी ऐकलेलं असेल. आज साठीला आलेल्या वडीलजनांनी तरी ऐकलंय का, विचारून पाहा.

आकडी-काठी

मी पाळक आहे, त्यामुळे हा नेम माझ्यावरच आहे असं धरून बोलतो.

बंधू, तुम्ही नहेम्या आठव्या अध्यायाचा दाखला दिलात आणि आठव्या वचनाआधीच थांबलात. तिथं लिहिलंय की लेव्यांनी (मंदिरसेवा करणाऱ्या वंशातल्या लोकांनी) नियमशास्त्र स्पष्ट वाचलं आणि त्याचा अर्थ सांगितला, म्हणून लोकांना समजलं. तोडून वाचू नका म्हणणाऱ्यानंच तोडलं तर कसं चालेल?

इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशया वाचत होता. सलगच वाचत होता, अगदी तुमच्या पद्धतीनं. फिलिप्पानं विचारलं, समजतंय का? तर म्हणाला, कोणी सांगितल्याशिवाय कसं समजणार (प्रेषितांची कृत्ये ८). आणि तीमथ्याला पौल सांगतो तीन गोष्टी: वाचन, बोध, शिक्षण. तुम्ही पहिलीवरच अडून बसलात.

दुसरं, बसणारी माणसं बघा ना. सहा दिवस राबून आलेला माणूस, मांडीवर पोर घेतलेली आई, परीक्षेत नापास झालेला मुलगा. त्यांच्यासमोर मी लेवीय तेरावा अध्याय वाचू? त्वचेवरचा डाग पांढरा की लालसर, सात दिवस कोंडून ठेवा, मग याजकानं पुन्हा तपासावं. ५९ वचनं, एक शब्द न समजावता? पुढच्या रविवारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतील. मी आठवडाभर अभ्यास करतो तो याचसाठी, की या माणसाला आज यातलं काय लागेल ते काढून द्यावं. मेंढरांना चारायचं असतं, कुरणाचा नकाशा दाखवायचा नसतो.

आणि अर्पणाच्या वेळी ३:१० म्हणणारे सगळे पाळक कामगारांचे पगार बुडवणाऱ्यांचे मित्र असतात, असा सूर आहे तुमचा. तो मला लागला.

शेवटचा बाक

पास्टरजी, पगारवाला मुद्दा तुमच्यावर व्यक्तिशः नव्हता. पण लागला असेल तर लागू द्या, मलाखीचा तो अध्याय लागण्यासाठीच आहे.

अर्थ सांगू नका असं मी कुठं म्हटलं? उपदेश राहू दे. माझा आक्षेप क्रमाला आहे. आधी वचन ऐकू दे, मग तुमचा अर्थ. आज उलट होतं: तुमचा मुद्दा आधी ठरतो आणि त्याला आधार म्हणून वचन शोधलं जातं. 'या माणसाला आज काय लागेल' हे तुम्ही ठरवता म्हणालात. तिथंच तर गोम आहे. त्याला जे लागेल असं तुमच्या मनातही येणार नाही, त्याचं काय? अंतोनी नावाचा तरुण तिसऱ्या शतकात मंडळीत शिरला तेव्हा शुभवर्तमान वाचलं जात होतं: परिपूर्ण व्हायचं असेल तर आपली मालमत्ता विकून गरिबांना दे. त्यानं जाऊन जमीन दिली, उरलेलं विकलं. हे बिशप अथनासियसनं लिहून ठेवलंय. त्या दिवशीचा उपदेश काय होता, त्याचा त्यात उल्लेखही नाही.

आकडी-काठी

अंतोनी एक. बाकी किती जण त्या दिवशी तेच वाचन ऐकून घरी जाऊन जेवले असतील?

घंटानाद

मी त्या 'नुसते विधी करणाऱ्या' मंडळीतला, म्हणजे कॅथलिक. धागाकर्त्यांनी केलेल्या कौतुकाबद्दल आभार, पण आमच्याकडं येऊन बसा, म्हणजे भ्रम उतरेल.

होय, उतारे ठरलेले असतात. १९६९ पासून आमच्याकडं रविवारचं तीन वर्षांचं चक्र आहे: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान मुख्यतः पुनरुत्थानाच्या काळात. पाळकाला आवडो न आवडो, त्या दिवशीचा उतारा वाचावाच लागतो. ही मोठी गोष्ट आहे, मान्य. पण ऐकतं कोण? वाचणारा उतारा पहिल्यांदाच उघडतो, संदेष्ट्याच्या नावाशी अडखळतो, माइकपासून तोंड हातभर लांब, आणि 'प्रभूचे वचन' म्हणून उतरतो. लोक यांत्रिकपणे प्रतिसाद देतात. बाहेर पडल्यावर दारात विचारा, पहिलं वाचन कशातलं होतं? मला स्वतःला कित्येकदा सांगता येत नाही.

आणि गाळणं आमच्याकडंही आहे, फक्त ते सुबक आहे. प्रभुभोजनाविषयी १ करिंथ ११:२३ ते २६ वाचतात. जो अयोग्य रीतीनं भाकर खाईल तो दोषी ठरेल, हे सत्ताविसावं वचन त्या वाचनांतून गळालं. १९७१ च्या दैनिक प्रार्थनापुस्तकातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्ण काढली, कारण त्यांतले शाप आजच्या माणसाला पचत नाहीत. तेव्हा तुमचे पाळक पडद्यावर कात्री चालवतात, आमच्याकडं समितीनं एकदाच चालवून ठेवलीय. फरक असलाच तर एवढा, की आमची कात्री छापील आहे, कोणालाही दाखवता येते.

शेवटचा बाक

घंटानाद, हा प्रतिसाद जपून ठेवतोय. सत्ताविसाव्या वचनाबद्दल वाचून धक्का बसला. याच कारणानं मी निवडक उताऱ्यांच्या यादीपेक्षा सबंध पुस्तकाच्या बाजूचा आहे. धर्मसुधारक झ्विंग्लीनं १ जानेवारी १५१९ ला झ्युरिकमध्ये ठरलेली यादी बाजूला ठेवून मत्तय पहिल्या अध्यायापासून ओळीनं घ्यायला सुरुवात केली. दुसरा सुधारक कॅल्विन, त्याला १५३८ मध्ये जिनिव्हातून घालवून दिलं होतं. १५४१ मध्ये परत बोलावल्यावर तो व्यासपीठावर चढला आणि जिथं सोडलं होतं त्याच्या पुढच्या भागापासून सुरू केलं. हद्दपार करणाऱ्यांना चार शब्द सुनावले असते तर कोणी अडवलं नसतं. पण त्या दिवशी काय बोलायचं ते पुस्तकानं ठरवलं.

आकडी-काठी

तुमचे दोन्ही साक्षीदार माझ्या बाजूचे आहेत! झ्विंग्ली आणि कॅल्विन ओळीनं *उपदेश* करत होते. वचन घ्यायचे आणि तासभर उलगडून सांगायचे. बिनटिप्पणीचा अध्याय वाचून खाली बसत नव्हते. ओळीनं उपदेश करा असं म्हणा, मी आज तयार आहे.

थोमाचं बोट

मी पूर्वी तुमच्यातलाच. आता नाही. तरी वाचतोय, कारण धागा मजेदार वळणावर आहे.

धागाकर्ते, तुमची योजना माझ्या मते फारच चांगली आहे, मंडळ्या रिकाम्या करण्यासाठी. मी सोडलं ते नास्तिकांची पुस्तकं वाचून नव्हे. एका वर्षी उत्पत्तीपासून सलग वाचायला घेतलं, म्हणून. शास्ते १९ मोठ्यानं वाचाल, समोर दुसरी-तिसरीतली मुलं बसलेली असताना? लेवी आपली उपपत्नी जमावाच्या हवाली करतो, सकाळी ती उंबरठ्यावर पडलेली, आणि मग तिच्या देहाचे बारा तुकडे. स्तोत्र १३७ चं शेवटचं वचन, बाळांना खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणारं, कोणत्या चालीवर म्हणणार? तुमचे पाळक निवडून वाचतात म्हणून तुमची श्रद्धा टिकून आहे. त्यांचे आभार माना.

शेवटचा बाक

शास्तेबद्दल सांगतो. ते पुस्तक त्या लेव्याला कुठंही शाबासकी देत नाही. देवाला विसरलेले लोक कुठवर घसरतात याचा तो उतरता जिना आहे, आणि शेवटचं वाक्य तेच सांगतं: राजा नव्हता, जो तो आपल्याला बरं दिसेल ते करी. मुलांना बातम्यांतून यापेक्षा भयंकर गोष्टी रोज कळतात. घरात हिंसा सोसणाऱ्या मुलीला हे कळू दे की असल्या किंकाळ्या शास्त्रात दडपलेल्या नाहीत. आमच्या गाण्यांत त्यांना जागाच नाही. स्तोत्र ८८ घ्या: सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळोख, आणि शेवटही काळोखातच. दीडशे स्तोत्रांत विलापाची किती आहेत बघा आणि आमच्या रविवारच्या गाण्यांत किती. मूल गेलेली आई आमच्या उपासनेत उभी राहते आणि पहिली पंचवीस मिनिटं तिनं टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा असते.

लहान मुलांसाठी शास्ते १९ च्या दिवशी वेगळी सोय करता येईल. त्यात शहाणपण वापरायला माझी ना नाही.

थोमाचं बोट

शास्तेवर सुटलात. गणना ३१ वर सुटून दाखवा. तिथं लोक देवाला विसरलेले नाहीत. मिद्यानी लोकांवर सूड घे अशी आज्ञा देवाकडून मोशेला आहे, आणि परत आलेल्या सैनिकांना मोशेच सांगतो की मुलगे मारा, स्त्रिया मारा, कुमारी मुली तुमच्यासाठी ठेवा. हे कोणी 'तयारी करून' वाचायचं? आणि वाचून झाल्यावर 'हे प्रभूचे वचन' म्हणायचं?

शेवटचा बाक

हो, म्हणायचं. माझा आवाज तेव्हा कापेल. याचं दोन ओळींत उत्तर देणारा कोणी भेटला तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. पण तुम्ही स्वतः काय सांगितलंत ते बघा: हे तुम्हाला एकट्याला, रात्री, कोणाशी बोलता येणार नाही अशा ठिकाणी सापडलं. मंडळीत मोठ्यानं वाचलं गेलं असतं तर निदान तुम्हाला वाटलं नसतं की आपल्यापासून काही लपवलं होतं. प्रश्न तरीही उरला असता. पण तो सगळ्यांचा मिळून असता.

थोमाचं बोट

हे मात्र खरं, की राग त्या अध्यायाचा कमी आणि लपवण्याचा जास्त होता. तरी मी परत येत नाहीये, गैरसमज नको.

प्रोजेक्टरवाला

पडद्यामागून लिहितो. रविवारच्या स्लाइड मी बनवतो, त्यामुळं कात्री कुठं चालते ते मला दिसतं.

शनिवारी रात्री संदर्भांची यादी येते. एका स्लाइडवर साधारण पाच ओळी. त्याहून जास्त मजकूर टाकला की सॉफ्टवेअर अक्षर बारीक करतं, मग मागच्या बाकांवरून तक्रार. म्हणून निरोप येतो: 'फक्त मुख्य भाग ठेव.' मुख्य भाग कोणता, ते बऱ्याचदा मीच ठरवतो, रात्री अकरा वाजता. याकोब ४:७ चं सांगतो. सैतानाला अडवा, म्हणजे तो पळून जाईल, एवढंच मोठ्या अक्षरांत, मागे विजेचा लोळ. त्याच वचनाचा पहिला भाग, देवाच्या अधीन व्हा, हा नको म्हणून काढायला लावला, कारण दोन ओळीच छान दिसतात. कोणाचाही वाईट हेतू नव्हता. लोक मात्र 'आमेन' म्हणाले ते अर्ध्या वचनाला.

आणि पडदा आल्यापासून पुस्तक आणणं बंद झालंय. हातात पुस्तक असेल तर डोळा आपोआप वरच्या-खालच्या वचनावर जातो. पडद्यावर वर-खाली काहीच नसतं, फक्त निसर्गचित्र.

मत म्हणाल तर मी अध्यायवाल्यांच्या बाजूचा. वेळेचं सांगतो: मार्कचा एक अध्याय मोठ्यानं वाचायला पाच-सहा मिनिटं, मोठा असेल तर दहा. आमच्या घोषणा त्याहून लांबतात, आणि त्या सगळ्या आदल्या रात्री ग्रुपवर आलेल्या असतात.

आकडी-काठी

घोषणांबद्दल काही बोलत नाही. आमच्याकडं त्या कमी केल्या की तीन समित्या रुसतात.

जांभळा धागा

इतका वेळ नुसती वाचत होते. अध्याय सबंध वाचायला हवा याचं माझं कारण धागाकर्त्यांपेक्षा वेगळं आहे.

एक ओळखीतली बाई. नवरा हात उचलायचा. ती वडीलजनांकडं गेली. त्यांनी बसवून घेतलं, पाणी दिलं, प्रार्थना केली आणि इफिस ५:२२ वाचून दाखवलं: पत्नींनो, आपापल्या पतीच्या अधीन असा. ती घरी गेली. पुढचं सांगत नाही.

आता तो अध्याय उघडा. बावीसच्या आधी एकवीस आहे: ख्रिस्ताचं भय बाळगून एकमेकांच्या अधीन असा. पत्नींसाठी २२ ते २४, तीन वचनं. पंचविसाव्यापासून पतींचं सुरू होतं आणि ते अध्यायाच्या शेवटापर्यंत चालतं: ख्रिस्तानं मंडळीवर प्रीती करून तिच्यासाठी स्वतःला दिलं तशी करा, आपल्या शरीरासारखी करा, कोणी स्वतःच्या देहाचा द्वेष करत नाही, त्याचं पोषण करतो. मारणाऱ्या नवऱ्याला बसवून २५ ते २९ कोणी वाचून दाखवलं का? त्याला बोलावलंच नाही.

पाळकसाहेब, 'या माणसाला आज काय लागेल ते मी काढून देतो' म्हणालात. त्या वडीलजनांनीही तेच केलं. त्यांना वाटलं तिला बावीस लागेल. पूर्ण अध्याय दोघांना एकदम ऐकवणं त्यांच्या मनातच आलं नाही, कारण मंडळीत तशी सवयच नाही. तुम्हाला हा आपल्या अभ्यासाचा अपमान वाटतो. आम्हा बायकांना तो संरक्षणाचा भाग वाटतो. पुस्तक सगळ्यांसमोर पूर्ण वाचलं गेलं की ते कोणाच्या एकट्याच्या हातात राहत नाही.

आकडी-काठी

ताई, ते जे झालं ते घोर चुकलं. मी त्या जागी असतो तर आधी तिला सुरक्षित ठिकाणी पोहोचवलं असतं, मग नवऱ्याला बोलावलं असतं, आणि गरज पडली तर पोलिसात कळवलं असतं. पण दोष त्या वडीलजनांचा आहे. वाईट वैद्य निघाला म्हणून औषधाचं दुकान लोकांसाठी सताड उघडं टाकत नाहीत. वचन कुणाच्याही हाती सलग दिलं की सगळं आपोआप नीट होतं असं नाही. सबंध पाठ असलेले परूशीही (येशूच्या काळचे कडवे धर्मनिष्ठ) होतेच. सैतानानं प्रभूची परीक्षा घेताना त्याच्यासमोर स्तोत्र ९१ म्हटलंच ना.

शेवटचा बाक

म्हटलं, आणि बाराव्या वचनापाशी थांबला. तेरावं आहे सिंह आणि नाग यांना पायाखाली तुडवण्याचं. ते का वाचलं नसेल, सांगायला नको.

आकडी-काठी

हा टोला चांगला होता.

जांभळा धागा

धागाकर्ते, तुम्हाला एक प्रश्न, आणि सरळ उत्तर द्या. १ करिंथ १४:३४ चा रविवार येईल तेव्हा तेही वाचणार ना, स्त्रियांनी मंडळ्यांमध्ये गप्प राहावं?

शेवटचा बाक

वाचणार. आवडीचं ते वाचायचं आणि नावडीचं टाळायचं, हे तर मी इतरांना बोललो. आणि तीन आठवडे आधी त्याच पत्राचा अकरावा अध्याय वाचलेला असेल, ज्यात पौल स्त्री प्रार्थना करते, संदेश देते तेव्हा डोक्यावर काय असावं हे सांगतो (११:५). म्हणजे ती बोलतेय हे तो धरूनच चाललाय. दोन्ही ऐकलेली मंडळी त्यावर नीट वाद घालू शकेल. आज एकानं एक वचन धरलंय, दुसऱ्यानं दुसरं.

जांभळा धागा

ठीक. मग वाचन करणार कोण? मी केलं तर चालेल?

शेवटचा बाक

माझ्या मते चालेल. पाळकपद पुरुषांचं, शिकवण्याचा अधिकार त्यांचा, ही माझी धारणा १ तीमथ्य २:१२ वरून आहे आणि ती सोडत नाही. पण वाचन म्हणजे शिकवणं नव्हे. वाचणाऱ्याचा स्वतःचा एकही शब्द त्यात नसतो. म्हणून तर टिप्पणी नको म्हणतोय.

आकडी-काठी

थांबा. इतका वेळ तुम्ही सांगत होता की नुसतं वाचनच माणसाला हलवतं, अंतोनीला जमीन विकायला लावतं. आता म्हणता वाचन हे शिकवणं नव्हे. दोन्हींपैकी एक धरा. व्यासपीठावरून मंडळीला देवाचं वचन ऐकवणं ही अधिकाराचीच गोष्ट आहे, आमच्याकडं ती वडीलजनच करतात. तुमची ही योजना ज्या दारातून आत येतेय त्या दारातून आणखी बरंच काही आत येईल, आणि तेव्हा तुम्हीच नवा धागा काढाल.

शेवटचा बाक

हलवतं ते वचन. तोंड कोणाचं, याला महत्त्व नाही. बलाम या द्रष्ट्याशी बोलायला देवानं त्याच्या गाढवीचं तोंड वापरलं होतं.

जांभळा धागा

तुलनेबद्दल आभार, भाऊ.

पाळकसाहेब, तुमच्या दाराच्या काळजीपुरतं सांगते: रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय पौल कोणाच्या शिफारशीनं सुरू करतो? किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी. पत्र रोमला तिनंच नेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. पोहोचल्यावर तिनं ते काढून दिलं आणि कोपऱ्यात उभी राहिली, की लोकांनी अडलेलं तिला विचारलं, ते लिहिलेलं नाही. तो अध्याय सहसा कोणी वाचत नाही, नुसती नावं आहेत म्हणून. मला द्या. त्रुफैना, त्रुफासा, असुंक्रित, फ्लगोन, सगळी न अडखळता वाचेन. तारीख सांगा.

आकडी-काठी

वडीलजनांच्या सभेत ठेवतो. हो म्हणतील असं वाटत नाही, आणि मीही अजून हो म्हटलेलं नाही.

प्रोजेक्टरवाला

ठरलं तर मला आधी कळवा. त्या दिवशी पडदा बंद ठेवायचा की सत्तावीस वचनं टाकायची?